न दुखणारा पाय

"जोडाच आक्रसलाय. पावसाळ्यात कातडं आक्रसतं, त्यात काय नवल."

जुबारा हे बाजेवर बसून म्हणत होता, स्वतःशीच, पण अंगणभर ऐकू जाईल अशा बेताने. उजवा जोडा पायात होता, डावा हातात. डाव्याचं तोंड तो अंगठ्यांनी ताणत होता, मधेच आत डोकावून बघत होता, जसा काही आत विंचू बसलाय आणि बाहेर यायला तयार नाही.

सित्तना चुलीपुढे बसून किसऱ्याचं आंबवलेलं पीठ तव्यावर पातळ पसरत होती. तिने मान वर केली नाही. कातडं आक्रसलं तर दोन्ही जोडे सारखेच आक्रसतील, एवढं तिला कळत होतं. पण ते बोललं की पुढचंही बोलावं लागलं असतं. म्हणून ती नुसती म्हणाली, "टाच काप त्याची. चप्पल होईल."

"मग लोक विचारतील, एका पायात जोडा नि एका पायात चप्पल का."

"सांग, शहरात अशी पद्धत निघालीय."

गवताच्या मांडवाखाली जुबाराचा मोठा भाऊ हसब अराकच्या काडीने दात घासत बसला होता. त्याने दोघांकडे पाहिलं, शेजारी आडव्या पडलेल्या आपल्या कुबडीकडे पाहिलं आणि काडी दुसऱ्या गालात सरकवली.

जुबाराने शेवटी दोन्ही जोडे बाजेखाली लोटले आणि अनवाणीच उठला. कुऱ्हाड खांद्यावर टाकली, दोन तोंडांचं लांब बेळकं हातात घेतलं आणि निघाला. चालताना तो डावा पाय जरा बाहेर फेकायचा. विचारलं तर म्हणायचा, रुबाबात चालतो.

पाऊस सरला होता. तीळ कापून झाला होता आणि पेंढ्यांच्या उभ्या खोपट्या शेताशेतांत उन्हं खात होत्या, बोंडं उलायची वाट बघत. नेमक्या याच दिवसांत गुराख्यांचे कळप नदीकडे उतरतात. उंटाने एकदा खोपटीत मान घातली की त्या घरचं तेल गेलं, आणि मग काठ्या निघतात, मग कुणाचं तरी डोकं फुटतं. म्हणून कळप यायच्या आत प्रत्येक खळ्याभोवती काट्यांची वई घालावी लागते. आणि निळ्या नदीच्या त्या काठावर जुबारासारखी वई घालणारा दुसरा नव्हता. सकाळपासून कुणी ना कुणी अंगणाच्या दाराशी येऊन उभं राही. आधी सगळ्यांची तब्येत विचारी, शेळ्यांचीही विचारी, मग म्हणे, आमच्याकडे कधी येतोस.

कितिरच्या झाडाला मांजराच्या नखांसारखे वाकडे काटे असतात. त्याच्या फांद्या बुंध्याशी तिरपा घाव घालून तोडायच्या, बेळक्याने ढकलत, लोळवत आणायच्या, बुंधा आत नि शेंडा बाहेर ठेवून एकीत एक गुंतवायच्या. खरी कला पुढे असे. बुंध्यांवर चढून, अंगाचा भार देऊन ती वई दाबायची, इतकी की कोल्ह्याला नाक घालायला जागा राहू नये. गावातली पोरं हे बूट घालून करायला जात. बूट फांद्यांत अडकून बसे आणि पोरगं एका पायावर नाचत राही. जुबारा अनवाणी चढायचा. तो म्हणे, तळव्याशी फांदी बोलते. बूट बहिरा असतो.

काटा बोचायचाच. मग त्याच वईचा एक काटा मोडून घ्यायचा, पायातला उकरून काढायचा, थुंकी लावायची आणि वर शेळ्या कोंडतात त्या वाडग्यातली मऊ माती चोळायची, की रक्त थांबलं. बाप असंच करायचा. हसबही असंच करायचा.

हसबला उजवा पाय गुडघ्याखाली नव्हता. त्याला आता बरीच वर्षं झाली होती. आधी तळव्याला एक गाठ आली. दुखत नव्हती. मग पाय हळूहळू भरत गेला, पीठ फुगावं तसा, तरी दुखत नव्हता. मग त्याला बारीक बारीक तोंडं फुटली आणि त्यांतून काळे कण येऊ लागले, बंदुकीच्या दारूसारखे. गावात त्याला नबत म्हणत. नबत म्हणजे उगवण. मांसात कुणी काही पेरलंय आणि ते उगवून वर आलंय, असं. हसब शहरात गेला तोवर ते हाडात उतरलं होतं. तो परत आला तेव्हा काखेत कुबडी होती.

तेव्हापासून या घरात तो शब्द कुणी काढला नाही. आधी दयेने, मग सवयीने. पाहुणेसुद्धा अंगणात शिरताना तो शब्द चपलांबरोबर बाहेर काढून ठेवत. शेतात तीळ उगवला असं सांगायचं असलं तरी सित्तना 'तीळ आला' म्हणे. हसबने असं करा म्हणून कधी सांगितलं नव्हतं, करू नका असंही सांगितलं नव्हतं. आणि आता जुबाराच्या पायाला तेच सगळं होत होतं, तर घरात कुणाकडे बोलायला तोंडच उरलं नव्हतं. धाकट्याला सांगायचं तर थोरल्याच्या कानावर जाणार. अंगण केवढंसं.

सित्तनाला मागच्या सुगीपासून ठाऊक होतं. नमाजाआधी ती तांब्याने त्याच्या हातापायांवर पाणी घालायची, लग्न झाल्यापासून घालत आली होती. एक दिवस त्याने उजवा पाय पुढे केला आणि डाव्याच्या वेळी म्हणाला, "दे इकडे, मी घेतो." आणि तिच्याकडे पाठ केली. इतक्या वर्षांत त्या माणसाने आपल्या हाताने पाणी घेतलं नव्हतं. मग बाजेवरच्या चादरीला पायथ्याशी डाग पडू लागले. तिने चादर नदीवर सगळ्या बायकांच्या आधी नेऊन धुतली. डागांत काळे कण होते. ते तिने बोटाने वाळूत पुरले, चोरीचा माल पुरावा तसे.

एका दुपारी ती विहिरीवरून आली तर तिच्या खोपीतून धूर निघत होता. ती दारातच थांबली. त्या खोपीत जमिनीत खळगा होता. खळग्यात तल्हचं लाकूड धुमसत ठेवून, वर अंगभर लोकरीची घोंगडी घेऊन बायका धुरी घेत. नवरेवाल्या बायका. धुरीने कातडी पिवळसर, तुकतुकीत होते, अंगाला वास राहतो, आणि संध्याकाळी नवऱ्याला काही सांगावं लागत नाही. सुनेचा, अवदियाचा नवरा जैली तर दूर सोन्याच्या खाणींवर माती चाळत होता. म्हणजे अवदिया धुरी कुणासाठी घेतेय, या विचाराने सित्तनाच्या कपाळाला आठी पडली, आणि ती आत शिरली.

आत जुबारा होता. बायकांच्या चटईवर बसला होता, गळ्यापर्यंत तिची घोंगडी ओढून, आणि डावा पाय खळग्यात सोडून.

"ही घोंगडी माझी आहे," ती म्हणाली.

"लाकूड मी तोडलेलं आहे."

"कुणासाठी नटतोयस, जैलीच्या बापा?"

"पाय जड झालाय जरा. तल्हच्या धुराने सांधे मोकळे होतात, तूच म्हणतेस."

"मी ते कंबरेबद्दल म्हणते."

"कंबर नि पाय एकाच माणसाचे असतात, काकाच्या लेकी."

तिला हसू आलं. ती त्याच्या खरंच काकाची मुलगी होती. लहानपणी त्याने तिची वेणी वईला बांधून ठेवली होती आणि मोठेपणी तिच्याच दाराशी वरातीचा उंट आणून बसवला होता. ती अंगाभोवती गुंडाळलेल्या तोबचा पदर तोंडाला लावून हसत राहिली आणि मग तिच्या लक्षात आलं की तो हसत नाहीये. ती खाली बसली. घोंगडी बाजूला केली. त्याचा पाय धुरातून उचलून तिने मांडीवर घेतला, आणि या वेळी त्याने तो ओढून घेतला नाही. घोट्याखाली पाय जाड, गुळगुळीत झाला होता. तोंडं होती. एकातून ओल येत होती.

"दुखतो?"

"नाही. तेच तर." तो खळग्याकडे बघत म्हणाला. "दुखला असता तर गेलो असतो कुठंतरी. न दुखणाऱ्या पायाचं माणसाने सांगायचं तरी काय?"

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. ते धुराचं आहे असं दोघांनीही धरून चाललं. सित्तनाच्या जिभेच्या टोकावर तो शब्द आला. तेवढ्यात खोपीच्या भिंतीपलीकडून कुबडीचा आवाज आला. हसब सावली बघून जागा बदलत होता. तिने शब्द गिळला, पाय आपल्या पदराने पुसला आणि म्हणाली, "धुरी घ्यायचीच तर दार तरी लावून घे. कुणी बघितलं तर गावभर होईल. म्हणतील, सित्तना म्हातारी झाली, आता नवराच धुरी घेतो."

"खरंच म्हणतील?"

"मी स्वतः सांगेन त्यांना."

त्यावर मात्र तो हसला.

तिने तरीही न बोलता आणखी काही दिवस ढकलले असते. पण एका सकाळी वाडग्यातून अवदिया ओरडली. वाडगं चुलीच्या अगदी शेजारी होतं, त्याची वईही जुबाराचीच, आणि आत शेळ्यांच्या लेंड्यांचा मऊ थर. सून पोटुशी होती आणि पोटुशी असली तरी अनवाणीच धार काढायला बसायची, कारण सगळ्याच बसत. सित्तना गेली तर ती वाडग्याच्या तोंडाशी टाच वर करून बसली होती आणि वईचा काटा मोडून घेत होती.

सित्तनाने तिच्या हातावर चापट मारली. जोरात.

"मावशी, काटा आहे नुसता," सून म्हणाली. सासूला ती मावशीच म्हणे.

"टाक तो."

तिने सुनेला दंडाला धरून बाहेर आणलं. सुई विस्तवावर धरून लाल केली, निववली, काटा काढला. मग साबण घेऊन टाच अशी घासली की पोरगी दोनदा आई आई म्हणाली. अवदिया तिच्याकडे बघत होती. मग हळूच म्हणाली, "मावशी, ते असंच होतं का?"

"काय ते?"

"ते." तिने डोळ्यांनी मांडवाखालची कुबडी दाखवली.

"पाय धू गपचूप."

त्याच आठवड्यात फिरत्या दवाखान्याची गाडी आली. बरोबर इख्लास नावाची नर्स होती, नदीकाठच्या शहरातली, जाड भिंगांचा चष्मा आणि घसा बसलेला. कडुनिंबाखाली बायका जमल्या. तिने सुजलेल्या पायांची चित्रं दाखवली तशी कुणी हसली, कुणी अल्लाचं नाव घेतलं. एक म्हणाली, नजर लागते. दुसरी म्हणाली, नजर नाही, बाहेरचं असतं, उकिरड्यावर राहणारं. इख्लासने सगळ्यांना बोलू दिलं. मग सांगितलं की ही बुरशी आहे. किसऱ्याचं पीठ उघडं राहिलं तर वर जाळी धरते ना, तिचीच चुलत बहीण. मातीत असते, काट्यांवर असते, शेण-लेंड्यांत असते. काट्याबरोबर मांसात जाते आणि आत घर करते. शापाने येत नाही, एकाची दुसऱ्याला होत नाही. बापाला झाली म्हणून लेकीला होत नाही, मात्र दोघं एकाच वाडग्यात अनवाणी फिरत असतील तर होऊ शकते. पायात काहीतरी घाला. जनावरं चुलीपासून, बाजांपासून लांब बांधा. काटा बोचला की साबणाने धुवा, दुसऱ्या काट्याने उकरू नका, माती तर लावूच नका. आणि गाठ आली तर दुखायची वाट बघू नका, ती दुखत नाही, तिथेच ती फसवते. लहान असली तर कापून काढता येते. वर गोळ्या, महिनोन्‌महिने, कंटाळा येईपर्यंत आणि त्यानंतरही. उशीर झाला, तर मग...

इथे ती थांबली, कारण सगळ्या बायका तिच्याकडे न बघता सित्तनाकडे बघत होत्या. सित्तना आपला तोब सारखा करत होती. तो आधीच सारखा होता.

बायका पांगल्यावर ती इख्लासजवळ गेली आणि म्हणाली, "आमच्याकडे कॉफी घेऊन जा. आलं घालते."

"घरी कुणी आजारी आहे का?"

"कॉफी चांगली असते आमच्याकडे," सित्तना म्हणाली.

जुबारा निघायच्या तयारीत होता. शेवटच्या दोन खळ्यांच्या वया राहिल्या होत्या आणि उत्तरेला आभाळाच्या कडेला कळपांची धूळ दिसू लागली होती. पण दारात पाहुणी आली. पाहुणी आल्यावर घरचा माणूस उठून जात नाही. त्याने कुऱ्हाड टेकवली, सलाम केला आणि बसला. बसता बसता डावा पाय वाळूत खुपसला, घोट्यापर्यंत, कोंबडी अंड्यावर बसते तसा.

अवदियाने कॉफीच्या बिया भाजल्या आणि धूर पाहुणीच्या नाकाशी नेला. इख्लासने शेळ्यांची चौकशी केली. वईची तारीफ केली. जुबारा खुलला, कितिर कधी तोडावा, ओला का तोडावा, हे त्याने तिला सविस्तर सांगितलं. हसब शेजारच्या बाजेवर बसला होता, लांब झग्याचा, जलाबियाचा घोळ मांडीखाली नीट खोचून. तोही मधे मधे एखादा शब्द घालत होता, कारण ही वई त्यालाही येत होती.

मग इख्लास म्हणाली, "चाचा, तो पाय बघू?"

"काटा बोचलाय. वाळेल."

"कधी बोचला?"

"आत्ताच. हा काय, दोन-चार दिवस..."

"मागच्या तिळाच्या आधी," सित्तना म्हणाली.

जुबाराने तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिने त्याची दुभती शेळी परस्पर विकली. ती चुलीतला निखारा सारखा करत राहिली. मग त्याने पाय वाळूतून काढला आणि बाजेवर ठेवला, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा, आणि तोंड फिरवून उत्तरेकडच्या धुळीकडे बघत बसला.

इख्लासने पाय धुतला. दाबून बघितला, बोटं हलवायला लावली, कापसाने एक तोंड टिपलं. कापसावर काळे कण आले. ते सगळ्यांना दिसले. ती हलक्या आवाजात सांगू लागली की शहरात फोटो काढून हाडापर्यंत गेलंय का बघावं लागेल, बोटं मोकळी हलतात हे चांगलं लक्षण आहे, हाड वाचलं असेल तर पायही वाचू शकतो. अगदी खात्रीने ती सांगू शकत नाही. पण आणखी एक पावसाळा काढू नये. गाडी दुपार कलल्यावर, असरच्या नमाजानंतर परत निघते, मागे बसायला जागा आहे.

"आज?" जुबारा म्हणाला. "आज कसं? ती धूळ दिसत नाही का तुम्हाला? वया राहिल्यात दोन. आणि बाई, बुरशी पिठाला येते, चामड्याला येते. चालत्या माणसाला कुठे बुरशी येते? हे काट्याचं आहे. काट्याचं असं होतं, मग बसतं."

"बसलं का?"

जुबाराने टेकवलेली कुऱ्हाड उगाच जवळ ओढली.

इख्लासने पिशवीतून कागद-पेन काढलं. सगळ्यांनाच विचारतात तो साधा प्रश्न तिने विचारला, कागदाकडे बघतच. "घरात आधी कुणाला असं झालं होतं का?"

अवदियाने कॉफीच्या मडक्यात डोळे घातले. सित्तनाने तोंड उघडलं, आणि हसबची कुबडी तिच्या डोळ्यांसमोर आली, त्याचे म्हातारे खांदे आले, तो परत आला त्या दिवशी गाढवावरून उतरताना कुणाच्याही डोळ्यांत न बघणारा त्याचा चेहरा आला. तिने तोंड मिटलं. जुबाराने मान खाली घातली आणि भावाच्या बाजेपासून हातभर अंतरावर बसून, स्वच्छ आवाजात म्हणाला, "नाही. कुणाला नाही."

कॉफी उतू गेली. कुणी उठलं नाही.

हसबने काडी तोंडातून काढली. थुंकला, लांब, पाहुणीची बाजू सोडून. मग त्याने मांडीखालचा घोळ सोडवला आणि जलाबिया गुडघ्याच्या वर ओढली. इतक्या वर्षांत अवदियाने ते कधी पाहिलं नव्हतं. सित्तनानेही फारसं नाही. आखूड, वाळलेला, टोकाला शिवण असलेला पाय उन्हात आला.

"लिहा बाई," तो म्हणाला. "थोरल्या भावाला झालं होतं. इथून गेला."

"दादा," जुबारा म्हणाला.

"गप. वया मी घालून घेतो पोरांकडून. पाय नसला तरी शिव्या देता येतात मला." "पाय गेला त्याचं मला एवढं काही नाही, जुबारा. कुबडीशी जमलं माझं. पण मी आलो की तुम्ही सगळे बोलता बोलता थांबता. शेतात तीळ उगवला म्हणायची चोरी झालीय या घरात. आणि मी बसून राहिलो. मला वाटलं, माया करतात माझ्यावर. करू देत."

सित्तनाच्या हातातून पळी खाली पडली. ती तिने उचलली नाही.

हसबने कुबडी टेकली, उठला, दोन उड्यांत धाकट्या भावाच्या बाजेशी आला आणि त्याच्या शेजारी बसला. तो सुजलेला, ओला पाय त्याने उचलून आपल्या अर्ध्या पायावर घेतला आणि दोन्ही हातांनी धरला.

"नबत आहे हे," तो म्हणाला. "तुला नबत झालंय, माझ्या भावा."